जयाचा पांढरा कुर्ता

मला दुसऱ्याच्या जुन्या कपड्यांची किळस आहे. घामाने पिवळी पडलेली काख, कॉलरच्या आतली काळी रेघ, नुसतं आठवलं तरी हात धुवावेसे वाटतात. आणि ही काही माझी एकटीची नाटकं नाहीत. माझ्या आजीला गावात मढ्यावरचं कापड घ्यावं लागायचं. कुणी मेलं की प्रेतावरचं कापड हा म्हणे आमच्या लोकांचा हक्क. असल्याच कापडाची बंडी लहानपणी बाबांच्या अंगात होती. पुढे दीक्षा झाली, बाबा मुंबईला येऊन पोस्टात लागले आणि त्यांनी घराला एकच नियम घातला. फाटकं घाला, पण आपलं घाला. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला धागासुद्धा उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

हा नियम सगळ्यांत कडक पाळला तो माझ्या थोरल्या बहिणीने, जयाने. ती नाहूरला राहते, एका शाळेत क्लार्क आहे. अंगाने चांगली भरलेली. रेडीमेड कुर्ता पोटावर बसला तर खांद्यावरून ओघळायचा, खांद्यात बसला तर पोटावर ताणायचा. शिंपी तर तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून "बाई, एवढ्यात नाय बसणार" म्हणायचा, जास्तीचं कापड आणायला लावायचा आणि उरलेलं खुशाल मारायचा. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस ती उठली आणि भांडुपला शिवणक्लासात जाऊन नाव घालून आली.

आधी नुसतं कागदावर कटिंग, मग उशीचे अभ्रे, मग परकर. पहिल्या परकराचा नेफा तिने इतका अरुंद शिवला की नाडीच आत जाईना. मी पोट धरून हसले. पण जया चिवट. स्वतःचेच कुर्ते उसवायची, बाजूंना पट्ट्या घालायची, बाह्या बदलायची, पुन्हा उसवायची. वर्षभरात तिचे कपडे तिला बसायला लागले. आरशासमोर बाजूने वळून बघायची सवय तिला त्या वयात लागली, आणि मला ते बघायला फार आवडायचं.

बिल्डिंगमध्ये असल्या गोष्टी लपत नाहीत. समोरच्या ब्लॉकमधली अनुपमा सावंत काही ना काही घेऊन यायला लागली. अंगाने काडी, बोलणं साखरेत घोळलेलं. जरा कमरेत घे, जरा लांबी कमी कर. कुर्ते आणायची तेही न धुतलेले. मला शिसारी यायची, जया मात्र, शिवायचंय, घालायचं थोडंच आहे, म्हणत धुऊन घ्यायची. एवढं करून ही बया जयाकडे कधी घोटभर चहा प्यायली नाही. नेहमी तिचा आत्ताच झालेला असायचा. कशामुळे, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जया म्हणायची, तू उगाच वाकडं बघतेस.

त्या वर्षी महाशिवरात्रीला अनुपमाची सासू गेली. पुढच्या महिन्यात अनुपमा एक टसरची साडी घेऊन आली. पांढरट, निळ्या काठाची, इस्त्री करून लाँड्रीच्या प्लास्टिकमध्ये घातलेली. जयाने दोनदा विचारलं, कुणाची? अनुपमा म्हणाली, नवीच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही, आमच्यात पांढरं कोण नेसतं, तुला चौदा एप्रिलला होईल. नवं वस्त्र शेजारणीने प्रेमाने दिलं तर नाही कशाला म्हणायचं, म्हणून जयाने ते ठेवून घेतलं.

त्या साडीचा तिने कुर्ता शिवला. आजवरचा सर्वांत सुरेख. अंगात घालून मला फोटो पाठवला. जयंतीला हाच घालणार होती.

त्यानंतरच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. अनुपमाच्या सासूचं सगळं करायला असायची ती जानकी पडद्याला शिवण मारून घ्यायला आली. हँगरवरचा कुर्ता बघून तिने काठ हातात घेतला.

"ही म्हातारीची साडी," ती म्हणाली. "शिवरात्रीला हट्टाने नेसवून घेतली आणि तशीच गेली. आंघोळ घालायच्या वेळी मीच अंगावरून काढली. भटजी बोलले, ही घरात ठेवू नका, कुणाला तरी देऊन टाका."

जया उठून बाथरूममध्ये गेली आणि कितीतरी वेळ अंग घासत राहिली. बाहेर आली तेव्हा दंड लालभडक झाले होते. बाबांनी जे दाराबाहेर ठेवलं, ते तिने आपल्या हाताने शिवून अंगात घातलं होतं. मला चीड आली ती साडीपेक्षा अनुपमाच्या बोलण्यातल्या साखरेची. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये "कुणाला तरी" म्हटल्यावर तिला आमचंच दार दिसलं. मी म्हटलं, चल, तिच्या तोंडावर फेकून येऊ.

"थांब," जया म्हणाली. "तिचं माप आहे माझ्याकडे."

तिने भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले आणि कुर्त्याची शिवण न् शिवण उसवली. काठ कापून कचऱ्यात टाकला. खांदे आत घेतले, कंबर आत घेतली, गळ्याला बारीक पायपिंग लावलं. इतकं स्वच्छ काम तिने स्वतःसाठीही कधी केलं नव्हतं. मग आम्ही दोघी समोरच्या दारात गेलो.

अनुपमाने कुर्ता तिथेच अंगाला लावून पाहिला. आतल्या आरशात बघितलं, गालावर घासला. किती मऊ, म्हणाली, कापड कुठून आणलंस?

"तुम्हीच दिलेलं, वहिनी. काठ तेवढा काढला."

तिच्या हातातून कुर्ता खाली पडला. ती दोन पावलं मागे सरली आणि पदराने गाल पुसायला लागली.

"शी! अगं, मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कोणी घालतं का?"

"तेच विचारायला आले होते," जया म्हणाली.

कुर्ता उंबऱ्यावर तसाच पडून राहिला. चौदा एप्रिलला जया जुना निळा कुर्ता घालून आली, बाजूंना पट्ट्या घातलेला. तिला तो अगदी नीट बसला होता.