ओळखू न येणारा सायलेन्सर

शिरड शहापूरला आमचं घर रस्त्याला लागून आहे. काचबिंदूनं नजर गेल्यापासून वडील ओट्यावर बसून रस्ता ऐकतात. माझी टूरिंगची मोटारसायकल त्यांना फार दुरून ओळखू यायची. मी दारात उतरेपर्यंत चहाचं आधण चढलेलं असायचं. न थांबता पुढं गेलो, तर संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन. "दादा, बाबा म्हणून राहिले, तुझी गाडी गेली नांदेडकडं. थांबला काहून न्हाईस?"

थांबलो की ते एकच विचारायचे, "मला हिंगोलीला कधी नेतोस?" आई गेली तेव्हा मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो की बाबा आता हिंगोलीला माझ्याकडं राहतील. मग घर लहान आहे, जिना उंच आहे, हिला जमत नाही, असं सांगत गेलो. ही कधीच नाही म्हणाली नव्हती. तिनं त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. मलाच नको होतं. आंधळ्या माणसाला रोज हाताला धरून संडासापर्यंत न्यायचं, याची मला किळस वाटत होती. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

रविवारची फेरी मात्र सुटत नव्हती. औंढ्यावरून, घरासमोरून बसमत, नांदेड, आणि येताना वारंगा फाटा. रस्ता बदलता आला असता. पण बदलला असता तर आपण घर टाळतोय हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी आवाज बदलायचं ठरवलं.

फाट्यावर स्लिप-ऑन सायलेन्सरचं एक दुकान आहे. स्लिप-ऑन म्हणजे इंजिनाकडची नळी तशीच राहते, फक्त मागचा डबा बदलतो. पसंत नाही पडला तर काढून दुसरा. दुकानदारानं तीन डबे काढले आणि म्हणाला, "साहेब, तिकडं तोंड करून उभं राहा. डोळ्यानं निवडलं की माणूस चमक पाहून फसतो."

मी पाठ करून डोळे मिटले. त्यानं एकेक डबा बसवून गाडी चालू केली. पहिला डबा फटफट फुटत होता. दुसरा आखूड, पण त्यात माझ्या गाडीची जुनी धडधड शाबूत होती. म्हातारा लगेच ओळखेल, असं मनात आलं आणि मी नको म्हणून मान हलवली. तिसरा लांब, स्टीलचा, आत आवाज दाबणारी जाळी. त्यातून नुसती घुमघुम येत होती. ती कुणाचीही असू शकली असती.

"हाच."

"अहो, लोक माझ्याकडं आवाजासाठी येतात, तुमी मुकी गाडी मागून राहिले. काहून, वहिनीला पत्ता लागू द्यायचा न्हाई का?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. लांबच्या प्रवासात कान दुखतात म्हणालो.

"मग बराबर हाय. ह्याची कानाला तकलीफ न्हाई."

पुढच्या रविवारी घरावरून गेलो. वडील ओट्यावरच होते. त्यांनी मान वळवली नाही. संध्याकाळी फोन आला नाही, आणि मला शांत झोप लागली.

पोळ्याला मी एसटीनं गेलो. वडिलांनी चाचपत माझा हात धरला.

"गाडी ऐकू येत न्हाई तुझी. इकली का?"

"व्हय बाबा, विकली."

"बरं केलंस. आता वय झालं तुझंबी. येष्टीनं लई हाल होतेत, सारखं येत जाऊ नको."

हिंगोलीला नेण्याचं त्यांनी विचारलं नाही. मी वाट पाहत होतो, पण नाहीच विचारलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "रविवारची एक गाडी जाऊन राहिली इथून. मऊ आवाज हाय. कोणाची हाय कोणास ठाऊक, पण आपल्या घरापाशी आली की हळू व्हती."

मी तिथं हळू करतो, हे मलाच माहीत नव्हतं. त्यांचा हात अजून माझ्या हातावर होता. मी म्हणालो, "रस्त्यात खड्डा असंल, बाबा."

"असंल," ते म्हणाले.

फेरी अजून चालू आहे. आता घर आलं की मी वेग कमी होऊ देत नाही.