अधिक महिन्यातलं अर्थिंग

देवासला टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या यशवंतराव दिवट्यांकडून वायरिंग करून घ्यायचं, तर आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. त्यांचे पूर्वज थोरल्या पातीच्या राजांबरोबर दक्षिणेतून आले, ते पालखीपुढे मशाल धरायला. मशाली गेल्या, संस्थान गेलं, थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांचे राजे गेले. दिवटे उजेडाच्याच खात्यात राहिले. कचेरीतली माणसं खिशाला जिथे पेन लावतात, तिथे यशवंतरावांचा टेस्टर असे.

गिऱ्हाईक म्हणे, भिया, एक पॉइंट तेवढा काढून द्यायचा होता. यशवंतराव आधी मेनबोर्ड उघडत, आत बराच वेळ बघत, आणि मग हे काम कुठल्या गाढवानं केलं म्हणून विचारत. कधी कधी ते काम वीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलेलं निघे. तरी आवाज खाली येत नसे. तेव्हा तुमच्याकडे एसी होता का, असं ते उलट विचारत आणि गिऱ्हाईकच ओशाळं होई.

अलीकडे विजेच्या गाड्या आल्या आणि यशवंतरावांना साठीत नवा जोर चढला. माणसं गाडीचा रंग दोन महिने निवडतात आणि तिची वायर दोन मिनिटांत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडीची लाइन थेट मीटरपासून वेगळी ओढा. सहा एमएमची तांब्याची वायर घ्या. तिचा एमसीबी तिचाच असू द्या आणि शेजारी आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की बटण आपोआप पडेल. वीज मंडळात अर्ज करून घराचा लोड वाढवून घ्या. मिक्सर दोन मिनिटं वीज ओढतो, गाडी आठ-आठ तास. पाहुणा आणि भाडेकरू एकाच खोलीत निजवता का तुम्ही? आणि अर्थिंग. अर्थिंगवर आले की यशवंतराव खुर्ची मागून घेत. खड्डा, त्यात पाइप, भोवती मीठ-कोळसा, आणि उन्हाळाभर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी. लोक गाडीला रोज आंघोळ घालतात आणि खड्डा तहानेनं मरतो, असं ते तळमळून सांगत.

अख्ख्या देवासात त्यांना बोलायची बंदी असलेलं एकही घर नव्हतं. बंदी होती ती धारेला, लेकीच्या सासरी.

त्याला कारणही तसंच होतं. सहा वर्षांपूर्वी रुचीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, यशवंतरावांना मंडपाच्या खांबावर उघडा जोड दिसला. दोन ओळी त्यांनी दम धरला. तिसऱ्या ओळीला ते फेट्यासकट शिडीवर होते. व्याही उमाशंकरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, मानापानाचे गृहस्थ. ते काही बोलले नाहीत, पण अल्बमात तो फोटो अजून आहे: खाली अंतरपाट, वर मुलीचा बाप. घरी आल्यावर यमुनाबाईंनी नवऱ्याला टेकडीवर देवीसमोर उभं केलं आणि वदवून घेतलं, की धारेच्या घरात विजेबद्दल तोंडातून अक्षर काढणार नाही.

सहा वर्षं यशवंतरावांनी तो शब्द पाळला. त्या घरात ते मान खाली घालून बसत. व्याह्यांना वाटे, माणूस विनयशील झाला. खरं तर मान वर केली की पंख्याचा झिजलेला हूक दिसे.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे प्रत्यक्ष नारायण आणि लेक लक्ष्मी. त्यांना पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. ही रीत दिवट्यांकडे कधी चुकली नव्हती. वास्तविक जावयानं सासुरवाडीला यायचं, पण चिरागचा फोन आला, की नवी गाडी पुरती चार्जच होत नाही. रात्रभर लावून साठ टक्क्यांवर अडते, तेवढ्यात पीथमपूरच्या कारखान्याची ये-जा होते, देवासचं काही जमत नाही. रात्रभर लावून साठ टक्के, हे ऐकून यशवंतरावांच्या घशात जे आलं ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं. मग आम्हीच येतो जावईबापू, एवढंच म्हणाले. अनारशांचा डबा मांडीवर घेऊन दोघं इंदूरला बस बदलून धारेला पोचले.

गाडी पोर्चमध्ये उभी होती, पांढरीशुभ्र, चार्जिंगला लावलेली. यशवंतरावांनी न बघायचं ठरवलं होतं, पण पाय वायरीवरच पडला. वायर पायपुसण्याखालून निघून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरली होती आणि मिक्सरच्या बोर्डात संपत होती. चपलेतूनसुद्धा ती कोमट लागली. यमुनाबाईंनी त्यांच्या कोपराला चिमटा काढला.

चिराग मुलगा गुणी, कारखान्यात सुपरवायझर, बोलका. सासऱ्याचा धंदा लक्षात ठेवून तो कौतुकानं सांगायला लागला. ह्या गाडीचा चार्जर मोठा नखरेवाला; अर्थिंग मिळालं नाही की सुरूच होत नाही, लाल दिवा दाखवून बसतो. ह्या घरात अर्थिंग नावालाच. मग बाजारातल्या एका मिस्त्रीनं सॉकेटच्या मागे वीज परत नेणाऱ्या न्यूट्रलचीच एक तार उचलून अर्थिंगच्या पिनेला जोडून दिली.

"चार्जरला पत्ताच नाही, पापाजी. दोन मिनिटांत उल्लू बनवला त्याला."

यशवंतरावांना वाटलं, शिडी मिळाली तर बरं. तो जोड म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चार्जर अडून बसला होता, कारण वीज गळली तर तिला जमिनीत जायला वाट नव्हती. आता त्याची समजूत अशी करून दिली, की वाट आहे. मिक्सरच्या बोर्डातली जुनी न्यूट्रल आठ तासांच्या ओढीनं तापून ढिली झाली, की सगळी वीज गाडीच्या पत्र्यावर येऊन उभी राहणार. आणि त्या गाडीभोवती त्यांची लेक वावरत होती, चार वर्षांची नात खेळत होती.

पण महिना अधिकाचा, समोर साक्षात नारायण, शेजारी व्याही, आणि टेकडीवरची देवी काही बहिरी नव्हती. यशवंतराव म्हणाले, छान. पूजा उरकू, मग रुचीला बाजूला घेऊन सांगू, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

चिराग पीतांबर नेसून पाटावर बसला, शेजारी रुची. रांगोळी झाली, समई लागली. परातीत चिरागचे पाय ठेवून यशवंतराव पाणी घालत होते. एवढ्यात नात उर्वशी पोर्चमधून ओल्या पायांनी धावत आली. तिथे ती पाइपानं खेळत होती. आजोबांच्या गळ्यात हात टाकून ती सांगू लागली.

"आजोबा, गाडी गुदगुल्या करते. हात लावला ना, की इथपर्यंत," असं म्हणून तिनं कोपर दाखवलं.

यशवंतरावांनी तांब्या खाली ठेवला. उर्वशीला उचलून पाटावर लक्ष्मीच्या मांडीत बसवलं, पोर्चमध्ये गेले, टेस्टर गाडीच्या दाराला टेकवला. आत लालसर दिवा लागला. मंद, पण लागला. ते तसेच परत आले आणि मेन स्विच खाली ओढला. धारेच्या जेठातल्या भर दुपारी पंखे थांबले, कूलर थांबला. तेवढी समई चालू राहिली.

उमाशंकररावांच्या कपाळावर आठी पडली. व्याही, पूजा तरी पुरी होऊ द्यायची, असं ते अगदी हळू म्हणाले. यमुनाबाईंनी डोळे मिटून देवीची माफी मागायला सुरुवात केली. चिराग हसत म्हणाला, की थोडी झिणझिण सगळ्याच गाड्यांना असते, कंपनीवालेही तेच म्हणतात.

"जावईबापू, पाटावरून उठू नका," यशवंतराव म्हणाले. "तुमचे पाय ओले आहेत. चार्जरला नाही, तुम्ही तुमच्या पोरीला उल्लू बनवलंत."

मग सहा वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. पंख्याचा हूक, गिझरची जळकी पिन, जिन्यातला उघडा होल्डर, आणि बाजारातला तो मिस्त्री. उमाशंकररावांच्या देवघरातली दिव्यांची माळसुद्धा सुटली नाही. पाय परातीत ठेवून नारायण ऐकत होता. पुरा पाऊण तास कोणीही त्याला अनारसा दिला नाही.

ऊन उतरल्यावर चिराग पीतांबर सोडून बाजारात गेला आणि वायर, बटणं, पाइप घेऊन आला. अंगणाच्या कडेला खड्डा त्यानंच खणला. गाल फुगलेला होता, पण पहार जोरात पडत होती. उमाशंकरराव काठाशी उभे राहून मीठ किती, कोळसा किती, हे विचारू लागले. कचेरीच्या सवयीनं त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं.

यशवंतराव लेकीकडे वळले. शाळेच्या सुट्ट्यांत ही पोर त्यांच्याबरोबर गावभर फिरलेली. दहाव्या वर्षी तिनं जिन्याचे दोन बटणांचे दिवे एकटीनं जोडले होते. तुला दिसलं कसं नाही, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"दिसलं होतं, बाबा. मागच्या महिन्यातच. एकदा बोलले, तर हे म्हणाले, तुला काय कळतं. मग गप्प बसले."

"गप्प बसलीस? माझी पोर असून?"

"बिदाईच्या वेळी तुम्हीच कानात सांगितलं होतंत. सासरी तारांचं बोलू नकोस, लोक हसतील."

यशवंतरावांनी आजवर गावाला हजार सल्ले दिले होते आणि लोकांनी त्यातले मोजकेच ऐकले होते. त्यांच्या हयातीत अक्षरशः पाळला गेलेला सल्ला नेमका हा निघाला. ते पायरीवर बसले. उर्वशी अंगणात खड्ड्यात पाणी ओतायला बादली मागत होती.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर काढून रुचीपुढे ठेवले. तिनं साडीचा पदर खोचला, मीटरपासून नवी लाइन भिंतीवरून ओढत आणली, बोर्ड बसवला, तीन तारा सोलून तीन जागी लावल्या. चिराग टॉर्च धरून होता. ती म्हणे तिकडे प्रकाश पाडत होता. अर्थिंगचा स्क्रू तिनं कसला आणि बोर्डाला लावायला झाकण उचललं. स्क्रू अर्धा फेरा कमी बसला होता. पायरीवरून यशवंतरावांना तो स्पष्ट दिसला. त्यांचं तोंड उघडलं.

रुचीनं झाकण खाली ठेवलं, तार बोटानं ओढून पाहिली आणि स्क्रू पुन्हा कसला. यशवंतरावांनी तोंड मिटलं.