पंखा बंद ठेवून ऐकायचा अल्बम

चार माणसं गप्पा मारत बसली की किस्से जमतातच. आमचे मात्र न बोलता जमले. भंडाऱ्यात माझं साड्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं रविवारी दुपारी एकच अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो. तो संपेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही, असा नियम आहे. एवढ्या नियमात काय घडणार, असं मलाही वाटायचं.

*

अल्बम माझ्या लेकीचा. पुण्याला नोकरीवर जाताना ती पेनड्राइव्ह ठेवून गेली. "बाबा, हा प्रोग्रेसिव्ह रॉक हाये. ऐकतानी घाई नोका करू," एवढंच तिनं सांगितलं. धंदा बंद केलेल्या एका मंडपवाल्याकडून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर माझ्याकडे होतेच.

रॉक म्हटल्यावर आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि कानांची तयारी ठेवली. बटन दाबलं, तर आवाजच नाही. दिलीप एसटीत ड्रायव्हर आहे, काहीही बंद दिसलं की तो आधी वायर बघतो. "कनेक्शन लूज हाये," म्हणत तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकला.

"बस गा," वामनभाऊ म्हणाले. "येऊन राहिला."

वामनभाऊंचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. तरुणपणी ते स्वतः भांडी ठोकायचे. भांडं घेताना टिचकी मारायची आणि नाद नीट आला की एक बोट वर करायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. मग हळूहळू आम्हालाही ऐकू आली. गिटारची एकच तार, फार लांबून, मध्ये मोठी शांतता सोडत. दिलीप वाकलेला होता, तो तसाच ऐकत राहिला.

*

चौथा नामदेव. तो दिघोरीचा, घरची धानाची शेती. बाजाराच्या कामानं आला की रविवार धरूनच येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "याच्यात तं काहीच होत नाही."

मला राग आला. लेकीची वस्तू होती ना. "मंग मधात उठला काहून नाही?" मी विचारलं.

नामदेव म्हणाला, "धुऱ्यावर बसून धानाच्या बांधीत पानी भरतानी पाहतो, तवाही काही होत नाही. पन उठवत नाही."

त्या अल्बमबद्दल याहून बरं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. लेकीला फोनवर कळवलं, तर तिनं ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

*

सुरुवातीचा आवाज इतका बारीक, की पंख्याच्या घरघरीत तो बुडून जातो. म्हणून दुसरा नियम, पंखा बंद. मे महिन्यात भंडाऱ्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल.

एकदा माझी बायको वर आली. चार पुरुष घामानं निथळत, माना खाली घालून बसलेले. खोलीत त्या एकट्या तारेचा आवाज. ती दारातच थबकली आणि हळूच म्हणाली, "अवो, कोनाचं काही झालं का?"

नियम होता, म्हणून मी नुसती मान हलवली. तिनं त्याचा भलताच अर्थ घेतला. पदर सावरून उंबऱ्यापाशी बसली आणि अल्बम संपेपर्यंत डोळे पुसत राहिली. संपल्यावर आम्ही सांगितलं, की कोणाचंही काही झालेलं नाही.

"मंग मले एवढं रडू काहून आलं?" ती म्हणाली.

*

मग एका रविवारी वामनभाऊंचं बोट उशिरा वर गेलं. पुढच्या रविवारी आणखी उशिरा. चहा पिताना त्यांनीच सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. इतकी वर्षं ठोकण्याच्या आवाजात गेली, कानांची नस कमजोर झाली आहे आणि आता ती कमजोरच होत जाणार. दुकानात भांड्यांना टिचकी आता मुलगा मारतो, हेही त्यांनी सांगितलं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं आम्हाला ऐकायला बसवलं, त्याचेच कान जाणार होते.

"कानाची मशीन घ्या ना, भाऊ," दिलीप म्हणाला.

"घेतली. बोलनं ऐकू येते. पन हे गानं लावलं का नुसती शिट्टी वाजते. म्हनून इथं येतानी काढून ठेवतो."

तेव्हापासून दिलीप दर रविवारी आवाज किंचित वाढवू लागला. कोणाच्या लक्षात येणार नाही इतकाच, अशी त्याची समजूत. खाली गिऱ्हाईक वर बघायला लागलं. एक दिवस जिना उतरताना वामनभाऊंनी दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला.

"बटनाचा काटा कुठं गेला, ते मले दिसते गा. माहे कान गेले, डोये नाही."

*

आता हा शेवटचा, मागच्या उन्हाळ्यातला.

अल्बम सुरू झाला. पंखा बंद, दिवा लावलेला नव्हता, वामनभाऊ डोळे मिटून आपल्या खुर्चीत. तार यायच्या आधीची ती लांब शांतता चालू होती आणि तेवढ्यात अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. खालून बायकोचा आवाज आला, "लाईट गेली."

दिलीप अर्धा उठला. नामदेवनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

वामनभाऊंचं बोट वर गेलं. जिथं पहिली तार येते तिथंच, पूर्वी जायचं तसं, अजिबात उशीर न करता. मग त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. ढोल येतो तिथं पंजा जड पडला, गाणं येतं तिथं हात थांबला. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत घाम गाळत बसलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं, अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं.

"आज एकदम साफ ऐकू आलं गा," ते म्हणाले.

"हो भाऊ," नामदेव म्हणाला. "मलेही."

दिलीप उठला आणि दर रविवारसारखं अ‍ॅम्प्लिफायरचं बटन बंद केलं.