नवव्या दिवशी पुण्याला

आमी नवराबायकोनं शेवटचं मिळून केलेलं काम म्हणजे गोधडीची घडी. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. "ताणून धरा की, हातात जीव न्हाई का?" ती म्हणाली. दुपारी झोपली, ती उठलीच न्हाई.

लेक मातीला आली आन् माझ्याशी एक शब्द न बोलता पुण्याला परत गेली. दोष माझाच. ती तिथं धांगडधिंग्याच्या रॉक बँडात ड्रम वाजवते. मागं मी तिला भावकीसमोर म्हणलो होतो, "तुला शिकायला पाठवलं का बाजा बडवायला? या घरात पाय ठेवू नको." आता जाताना चुलतीपाशी सांगून गेली, "अण्णा स्वतः बोलावतील तरच तेराव्याला येईन." माझा फोन तर उचलेना. पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, रविवारी संध्याकाळी तिचा कार्यक्रम हाय. तो सुतकाचा नववा दिवस होता.

भाऊ आडवा आला. "सुतकात बाजा ऐकायला चालला? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. पोरगी न्हाई आली तर तिच्या मायचं गोडजेवण माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

ताडकळसहून परभणी, तिथून पुण्याची रेल्वे. मैदानाच्या फाटकात कानात बाळ्या घातलेल्या एका पोरानं माझं भादरलेलं डोस्कं पाहिलं. "काका, लय भारी लूक!"

"बायको मेलीय," मी म्हणलो. त्यानं गुमान मला पुढं घेतलं.

आत आवाज थेट बरगड्यांत शिरला. वाटलं, आपलंबी काळीज इथंच बंद पडतंय. लेक दिसली, केस मोकळे, दोन्ही हात चालू. तेवढ्यात समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर धडका घ्यायला लागली. एक पडला. गावात लय भांडणं सोडवलीत मी, तसाच घुसलो. "सोडा रे! मला शिवू नका, सुतक हाय!" कोण ऐकतंय? छातीत कोपर बसला आन् मी आडवा झालो.

ड्रम थांबला. सगळंच थांबलं.

एका पोरानं उचललं. "काका, भांडण नव्हतं, नाचत होतो."

"असं नाचतेत का, गाढवांनो?"

लेक गर्दी फाडत आली. माझे हातपाय चाचपले. "कशाला आलात?"

बोलवायला, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हा गोंधळ ऐकायला मायचं सुतक सोडून पळालीस व्हय?"

तिचा चेहरा दगड झाला. परत स्टेजवर चढली आन् असं वाजवलं, की मला मान वर करता येईना. नंतर खोलीवर नेलं, चटई टाकून दिली. मला डोळा लागला न्हाई. पुन्हा उलटंच बोललो तर ही कायमची जाईल, हेच डोक्यात.

सकाळी ती चहा ठेवायला लागली. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो, भिंतीला धरलं आन् म्हणलो, "तेराव्याला चल बाई. मी स्वतः न्यायला आलोय."

मग प्यायला पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आन् पिशवी भरायला घेतली.