पुन्हा रुजू

हवालदारांची नोकरी परत मिळाली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं बोलत होता तो त्यांचा मेहुणा. "सत्य कधी लपत नसतं!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. हवालदार मोरीत चहाचे कप विसळत होते. एरवी घरात इकडची काडी तिकडे न करणारा माणूस! पण मोरीत उभं राहिलं की कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

तुरुंगातल्या एका कैद्याला मारलं म्हणून खात्यानं त्यांना बडतर्फ केलं होतं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मात्र घाईनं सगळं गुंडाळलं. त्या कैद्याला साक्षीला बोलावलंच नाही, मग त्याची उलटतपासणी कुठली व्हायला! हवालदारांच्या वकिलानं नेमकं तेवढंच धरून ठेवलं. चौकशीच कच्ची, म्हणून बडतर्फी रद्द, असा कोर्टाचा निकाल आला. मारलं की नाही यावर कोर्टानं अवाक्षर काढलं नाही. खात्यालाही नव्या चौकशीचं लचांड नको होतं, त्यांनी मुकाट रुजू करून घेतलं.

घरी मात्र या निकालाचा एकच अर्थ लागला. त्यांची मुलगी कॉलेजात टोमणे खाऊन अर्धी झाली होती. ती आता ताठ मानेनं हिंडू लागली. "माझ्या बाबांनी मारलंच नव्हतं," असं ती कुणाला सांगताना ऐकलं की हवालदार उठून मोरीत जात.

कामावर पहिल्याच दिवशी फाटकापाशी सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. मग बराकीत मोजणी सुरू झाली. कैदी जोडीजोडीनं बसलेले, हवालदार बोट दाखवत पुढे सरकत होते. शेवटच्या रांगेत तोच कैदी बसला होता. आता हा शिव्या घालणार, असं त्यांना वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कसा आहेस?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान वळवून दुसरा कान पुढे केला. "साहेब, या बाजूनं बोला. तिकडचं ऐकू येत नाही आता."

आवाजात टोमणा नव्हता. रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं तसं सांगितलं त्यानं. हवालदारांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मोजणी चुकली ती चुकलीच, पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

संध्याकाळी मुलगी दारातच उभी होती. "काय म्हणाले सगळे? माफी मागितली का कुणी?"

"मी मारलं होतं," बूट काढता काढता ते म्हणाले.

तिला आधी थट्टाच वाटली. "काहीतरीच काय! कोर्टानं तर..."

"कोर्टानं ते विचारलंच नाही, बाळा."

"मी विचारलं होतं की."

"तुझ्याशी खोटं बोललो."

"का मारलंत?"

"हाक मारल्यावर लगेच उठला नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी सगळ्यांना सांगत फिरले, बाबा," ती म्हणाली. "आता उद्या काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांग," हवालदार म्हणाले. आणि हे ओझंसुद्धा आपण पोरीच्याच डोक्यावर टाकलं, हे लक्षात येऊन त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.