बांबूवरचं लंगोट

तालीम आमच्या घराच्या भिंतीले लागून. बाईमाणसाले तिथं पाय ठेवायची मनाई. पण भिंतीतली एक खुंटी निखळेल होती, त्या भोकाले कोण मनाई करणार? सून होऊन आली तेव्हापासून किस्से तिथूनच घरात येत राहिले, तालमीतल्या लाल मातीसारखे. कितीही झाडा, उरतातच.

*

आमच्या पैलवानाची कमाई ऐका. पोरपणी जत्रेत कुस्ती मारली की रेवड्या, मोठेपणी नारळ. सासूबाई फुगून सांगायच्या, "मन्हा पोऱ्या लई कमावस." भाजीत नारळ, भाकरीवर नारळ. मी आईले निरोप धाडला, "नवरा चांगला शे. फक्त जवारी पाठव."

*

मोलगीकडच्या जत्रेत एकदा बोकड जिंकला. दिवस बुडता घाटात मागून बिबट्या गुरगुरला. ह्यांनी बोकड खांद्यावर टाकला आणि घाट उतरेपर्यंत मोठ्यानं भजनं म्हटली.

घरी आल्यावर म्हणे, "बोकड भ्याइ गया व्हता."

म्हटलं, "आणि भजनं पण त्यानंच म्हटली का?"

*

मग एका कुस्तीत मानेवर पडले. खाटेवर घालून आणलं. हाडवैद्य म्हणाला, "पुन्हा मातीत पडला तर उठणार नाही." बरे झाल्यावर हे मारुतीच्या देवळात लंगोट टांगून आले. पैलवानानं लंगोट टांगलं की त्याची कुस्ती संपली, अशी आमच्याकडची रीत.

मी वरून हसली, "चला, एक धुणं कमी झालं." पण दुपारी यांचा डोळा लागला की नाकापुढं बोट धरून श्वास पाहायची.

*

कुस्ती सुटली तरी तालमीत बसून पोरांले बिबट्याची गोष्ट रंगवून सांगायचे. एकदा मी भोकाले तोंड लावून गुरगुरली. अख्खी तालीम लंगोटावर चौकात पळाली.

हे जागचे हलले नाहीत. भिंतीकडं पाहून म्हणाले, "चहा ठेव."

*

एक दिवस गुजरातचा पैलवान ढोल वाजवत आला. चौकात ठेंगणा बांबू रोवला, वर आपलं लंगोट टांगलं. जो ते काढेल त्यानं याच्याशी लढायचं. दिवस मावळेपर्यंत कोणी हात लावला नाही, तर गावाची तालीम हरली. त्याचे दंड पाहून आमची पोरं माती उकरत बसली.

दिवस कलला. भोकातून पाहते तर हे मान चोळत सदरा काढी ऱ्हायनात.

धुणं सकाळीच झालेलं. तरी तेच गाठोडं डोक्यावर घेतलं, धुणं बडवायची मोगरी हातात घेतली, चौकात गेली आणि लंगोट ओढून काढलं.

"ओ बेन, आ शुं करो छो?" तो पैलवान ओरडला.

"लई मळेल शे, भाऊ. धोई देस."

म्हाताऱ्या पंचानं उपरण्यानं तोंड पुसलं. "रीत म्हणजे रीत. जो काढेल त्याच्याशी लढायचं. उतर, पैलवान."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मोगरीकडं पाहिलं. हात जोडले आणि ढोल न वाजवता गेला.

हे तालमीच्या दारात, सदरा हातात.

सकाळी धुण्याले निघाली तर मोगरी सापडेना. घर पालथं घातलं. शेजारीण म्हणाली, "मारुतीच्या देवळात जाय जरा."

गेली. ह्यांच्या लंगोटाशेजारी टांगेल होती.