ॲल्युमिनियम लाल होत नाही

परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, आजोबा नक्की काय काम करायचे?" मी "गिरणीत होते" एवढं म्हणून फोन तुझ्या आईकडे दिला. उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं लिहून पाठवते. तुम्हा दोघा भावंडांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे.

आजोबा सुरतेतल्या एका कापड गिरणीत वेल्डर होते. खानदेशातून आलेले आमचे बहुतेक लोक मागावर उभे राहत. हे दुरुस्ती खात्यात होते. बॉयलरचे पाइप, मागांच्या तडकलेल्या चौकटी, ट्रॉल्यांची चाकं, सगळं लोखंड. लोखंड तापताना आधी काळपट तांबूस होतं, मग लाल, मग नारिंगी. त्या रंगांवरून कुठे थांबायचं ते त्यांना कळे. माझे वडील रेल्वेत कारकून होते आणि मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. वेल्डरला मुलगी का दिली, असं नातेवाईक विचारत, तेव्हा वडील म्हणत, "नोकरी कायमची आहे."

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत गिरणी बंद झाली. आजोबा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. आम्ही भेस्तानला दोन खोल्यांत राहत होतो: आम्ही दोघं, तुझे बाबा आणि आजोबांची आई. मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेत असे. लोखंड जोडणारे तर गल्लोगल्ली होते. खिडक्यांचे गज लावून देणाऱ्या दुकानांतही जागा नव्हती.

सात-आठ महिन्यांनी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका वर्कशॉपच्या शेठनी बोलावलं. त्यांनी एक जुनं टिग वेल्डिंगचं मशीन विकत घेतलं होतं. रंगाच्या कारखान्याला ॲल्युमिनियमचे मोठे ट्रे हवे होते आणि त्यांच्याकडे कोणालाच ते मशीन चालवता येत नव्हतं. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती, तेलकट, कोपरे दुमडलेली.

"मिस्त्री, तमारे माटे तो रमत वात," शेठ म्हणाले. मिस्त्रींना हा पोरखेळ. "तीन आठवडे हात बसवा. मग कारखान्याचा माणूस येईल. त्याच्यासमोर एक ट्रे जोडून दाखवा, पाणी भरू, गळला नाही तर उद्यापासून तुम्ही माझे कायमचे."

कायमचे हा शब्द आजोबांनी घरी येऊन दोनदा सांगितला.

पुस्तिका मी वाचायची असं ठरलं. रविवारी मी रिक्षाने सचिनला जाई आणि मशीनजवळ स्टुलावर बसून एकेक परिच्छेद मराठीत सांगे. बाकीचे दिवस संध्याकाळी घरी. मी वहीत मुद्दे उतरवून, आकडे घालून देत होते. आजोबा मला "मास्तरीणबाई" म्हणत.

हे काम असं असतं. उजव्या हातात टॉर्च. तिच्या टोकाला एक सुई, ती स्वतः वितळत नाही, तिच्यातून ठिणगीची ज्योत निघते आणि भोवती आर्गॉन गॅस वाहतो. डाव्या हातात ॲल्युमिनियमची सळई. धातू वितळून थेंबभर डबकं झालं की सळई त्यात टेकवायची आणि लगेच मागे घ्यायची. आणि पायाखाली पेडल, करंट कमीजास्त करायला. दोन हात आणि एक पाय, तिघांचं तीन तऱ्हेचं काम. सुई डबक्याला लागली की थांबा, काढा, पुन्हा घासा.

पायाचं त्यांना जमेना. मी म्हटलं, माझ्या शिवणयंत्रावर बसून बघा. मग रोज संध्याकाळी ते यंत्रापाशी बसत, उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात उदबत्तीची काडी, आणि पाय हळूहळू दाबत. सासूबाई भाकरी थापता थापता बघत होत्या.

"का रे भाऊ, आते मनं पोलकं शिवशी का?"

"शिवसू ना माय, पन ॲल्युमिनियमनं," आजोबा म्हणाले. त्या आठवड्यात घरात हसू आलं ते तेवढंच.

पहिला रविवार तर नुसती भोकं पाडण्यात गेला. आजोबा मुखवट्यातून बघत पत्रा लाल व्हायची वाट पाहत, आणि पत्रा होता तसाच पांढरा राहून एकदम खाली गळून पडे. मी पुस्तिकेत शोधलं. हा धातू वितळण्यापूर्वी रंग बदलत नाही, असं लिहिलं होतं.

"मग बघायचं काय?"

"चमक. ओल्यासारखी चमक आली की वितळला."

"चमकतो तर आधीपासून," ते म्हणाले. "वीस वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवला तेच नाही म्हणतेस."

तरी ती चमक त्यांना चार दिवसांत दिसू लागली. भोकं थांबली. पण मग काळं पडायला लागलं. जोड काजळी धरल्यासारखा, वर बारीक बारीक छिद्रं, शिळ्या ढोकळ्यासारखी. पाणी ओतलं की घाम आल्यासारखं झिरपे.

आता माझी गोष्ट येते. वर्कशॉपमध्ये वस्तू इकडच्या तिकडे होतात म्हणून आजोबा सळयांचा जुडगा रोज घरी आणत. सुरतेच्या दमट हवेत आमच्या विळीला, कात्रीला, खिळ्यांना बघता बघता गंज चढे, आणि मी घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून ठेवत असे. सळया आल्या त्या पहिल्याच दिवशी मी त्या तेलाच्या फडक्याने एकेक पुसल्या, वर कोरडं फडकं फिरवलं, कागदात गुंडाळल्या आणि फळीवर ठेवल्या. रोज. आजोबांनी बघितलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं. गिरणीत हत्यारं अशीच ठेवत. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही हे मला शाळेत शिकवलेलं होतं.

काळं का पडतं याचं पान मी त्यांना वाचून दाखवलं. गॅस गळत असेल, वारा लागत असेल, तेल किंवा ओल असेल. आम्ही पंखा बंद केला. नळीला साबणाचं पाणी लावून फुगे शोधले. पत्रे थिनरने धुतले. "आणि सळया?" असं मी विचारल्याचं मला आठवतं, आणि उत्तरही मीच दिलं, "त्या तर मी रोज पुसते."

शेठ मधून मधून येऊन उभे राहत. "आ तो पाछुं काळुं, मिस्त्री," पुन्हा काळंच. तिसऱ्या आठवड्यात ते यायचे थांबले.

आजोबांनी त्यांच्या परीने उपाय काढला. करंट वाढवायचा आणि एका जागी जास्त थांबायचं, म्हणजे काळं जळून जातं. थोडं जातही असे. पायाला तीच सवय लागली. घरी यंत्रावर बसले की पेडल तळापर्यंत दाबून धरत. एका संध्याकाळी उदबत्तीची काडी खाली ठेवून आईला म्हणाले, "माय, मना हात बसत नही." सासूबाईंनी पाणी आणून दिलं.

दाखवायचा दिवस आला. मी पुस्तिका आणि वही घेऊन गेले होते. कारखान्याचा माणूस पांढऱ्या शर्टात, खुर्चीवर. शेठनी आमचा जुडगा बाजूला सारला आणि कपाटातून नव्या सळयांचं पाकीट काढून फोडलं. नवे पत्रे, नव्या सळया. "बरोबर करो, मिस्त्री, घाई नाही."

मी त्या सळयांकडे पाहिलं. त्या मंद दिसत होत्या, कोरड्या, राखेसारख्या. शेजारी आमच्या सळया लखलखत होत्या. तेलाने. तेवढ्यात मला सगळं कळलं.

आजोबांनी मुखवटा खाली घेतला. पाय सवयीने तळापर्यंत गेला. स्वच्छ धातूला एवढ्या आचेची गरजच नव्हती. डबकं क्षणात पसरलं आणि भोक पडलं, रुपयाएवढं. मी मुखवट्याशिवाय होते, भिंतीकडे तोंड करून उभी, पण टपकन आवाज आला तो ऐकला.

"होता है, होता है," शेठ म्हणाले. "दूसरा लो."

दुसऱ्या पत्र्यालाही भोक पडलं.

कारखान्याच्या माणसाने घड्याळ पाहिलं. शेठ म्हणाले, "एक और?" त्यांनी खरंच विचारलं. आजोबा मुखवटा वर करून उभे होते, घामाने चेहरा निथळत होता. मला बोलायचं होतं ते दोन वाक्यांचं: सळयांना मी तेल लावत होते, म्हणून काळं पडत होतं. आता पाय हलका ठेवा. माझ्या हातात वही होती, तिच्यावर माझ्या सुंदर अक्षरात आकडे घातलेले मुद्दे होते. तीन पुरुषांसमोर, बी. ए. झालेल्या बाईने, हे म्हणायचं. मी वही मिटली.

"नको, शेठ," आजोबा म्हणाले. "माझ्याच्याने नाही होत."

"जवा दो तो," मग जाऊ द्या, शेठ म्हणाले, तेही जोरात नाही. आठवड्याभरात त्यांनी बडोद्याहून एक कारागीर आणला.

मी सांगितलं आठ दिवसांनी. सासूबाई देवळात गेल्या होत्या. आजोबा ऐकत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तिथेच," मी म्हटलं. "पाकीट फोडलं तेव्हा."

मी म्हटलं, शेठना जाऊन सांगू या, मी सांगते, चूक माझी होती. त्यांनी मान हलवली.

"तेल तुझं होतं. भोकं माझ्या हातानं पडली. कोण ऐकणार आहे?"

मी तरी एकटी गेले. शेठनी चहा मागवला, नीट ऐकून घेतलं. "बेन, सच्ची वात छे," ते म्हणाले, "पण आता माणूस ठेवलाय." आणि हसून, "शिवणयंत्राचं तेल!" ते हसणं वाईट नव्हतं. मी घरी येऊन हे सांगितलं नाही.

पुढे आजोबांना पर्वत पाटियाच्या बाजूला एका कापड मार्केटात दरवाजावर बसायची नोकरी मिळाली. सकाळी आठ ते रात्री आठ. येणाऱ्या-जाणाऱ्या गाठोड्यांवर नजर ठेवायची. मधे एकदा ओळखीच्या माणसाने लोखंडी जिन्याचं काम आणलं होतं, साधं, त्यांच्या रोजच्या सवयीचं. मी म्हटलं, हात गेलेला नाही तुमचा, तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, माहीत असून काय करू. आणि गेले नाहीत. माझ्यावर ते कधी चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोसलं असतं.

जूनमध्ये तुझ्या बाबांच्या शाळेचा फॉर्म आला. घरातले सगळे फॉर्म मीच भरत असे. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी, दरवर्षीसारखं, वेल्डर लिहिलं. आजोबांनी तो हातात घेतला, वाचला, माझ्याकडून पेन मागितलं, तो शब्द खोडला आणि वर वॉचमन लिहिलं. अक्षर वाकडं आलं होतं. शाळेत खाडाखोड चालत नसे. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून कोरा फॉर्म आणला, बसून पुन्हा सगळा भरला आणि त्या रकान्यात नीट, सरळ अक्षरात, त्यांचा शब्द लिहिला.